गाडी एकदाच कट्ट म्हणाली

१

रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी रामरावांच्या अंगणात त्यांच्या गाडीची चावी फिरली, आतून एकदाच 'कट्ट' असा आवाज आला आणि गाडी गप्प झाली. त्याच दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रामरावांची मुलगी वैष्णवी यवतमाळला एका परीक्षा केंद्राच्या बंद फाटकासमोर उभी होती. फाटक बाराला लागलं होतं. आरोग्य खात्याची ती भरती कित्येक वर्षांनी निघाली होती आणि पुढची निघेपर्यंत तिचं वय उलटून गेलेलं असेल.

या दोन वेळांच्या मध्ये आणि त्यानंतर काय झालं ते मी सांगतो आहे. हौस म्हणून नाही. मी मारोतराव. ढाणकीत उमरखेड रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटऱ्यांचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. आवाज ऐकून बिघाड सांगतो अशी माझी ख्याती आहे, आणि ती पसरवण्यात सगळ्यात मोठा हात माझाच आहे.

गाडी लागेना तेव्हा रामरावांच्या ड्रायव्हरनं, लखननं, मलाच फोन केला. लखन रामरावांच्या गावाला लागून असलेल्या बंजारा तांड्यावरचा, वय पंचवीस. रामरावांकडे लागण्याआधी दोन वर्षं माझ्या दुकानात शिकून गेलेला, म्हणून मला उस्ताद म्हणतो. मी त्या वेळी ढाणकीत एका ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. सोयाबीनचे दिवस, सगळ्यांनाच घाई.

"उस्ताद, चावी फिरवली का एकच कट्ट वाजते अन् सारे लाईट जाते," तो म्हणाला. "मंग पुन्हा येते. ढकलून पाहू का? समोर उतार हाये."

"ढकलू नको," मी म्हणालो. "टायमिंग बेल्ट सरकला तं रामरावले इंजिन बांधून देशीन का तू? परवाच मी माझ्या हातानं नवी बॅटरी बसवली त्या गाडीत. ते आपोआप बंद पडतच नाई. तूच कायतरी हात लावला अशीन. थांब, अर्ध्या घंट्यात येतो मी."

फोन स्पीकरवर होता. अंगणात रामराव होते, त्यांची बायको शकुबाई होती, पोरीला निरोप द्यायला आलेले शेजारी होते आणि सोयाबीन कापायला निघालेली तांड्यावरची माणसं होती. लखनला धरून बारा जण. 'तूच हात लावला अशीन' हे सगळ्यांनी ऐकलं.

मी अर्धा तास म्हणालो होतो, पोहोचलो साडेनऊला. तोवर वाट पाहून पाहून वैष्णवी नऊला दुसऱ्या गावच्या भाड्याच्या गाडीनं निघून गेली होती, सोबत तिचा चुलतभाऊ बंटी. आणि मी मोटरसायकलवरून उतरलो तर रामरावांची गाडी अंगणात खुशाल सुरू होती. लखन बॉनेटजवळ उभा होता.

"दोन घंटे मुकी होती," रामराव दात आवळून म्हणाले. "पोरगी गेली अन् याचा हात लागला तं बोलाले लागली. मी काय समजू मारोतराव?"

त्याच क्षणी मी पाना घेऊन बॅटरी खोलायला हवी होती. पण ढाणकीत ट्रॅक्टर अर्धा उघडा पडला होता. मी वरवर नजर फिरवली, बॅटरीवर दोन बोटं आपटली आणि जाणकाराच्या थाटात बोललो.

"हात लावल्याबिगर असं होत नाई, रामराव."

आणि निघून आलो.

२

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर केलं तर पायरीवर लालीबाई बसलेली. लखनची आई. तांड्यावरून सात किलोमीटर पायी आली असावी, कारण पायांवर पोटरीपर्यंत धूळ होती.

"रामरावनं अर्ज लिहिला," ती म्हणाली. "अकरा वाजता चौकीत देऊन राह्यले. लखनानं खुन्नस काढली म्हने. शुक्रवारी सुट्टीवरून शिव्या देल्त्या ना त्याले, म्हून गाडी बिघडवली म्हने."

मी शटरचं कुलूप खिशात घातलं.

"याच आठोड्यात त्याची चौकशी येनार हाये, मारोतराव. फारेस्टाची."

मला ते माहीत होतं. लखन वनरक्षकाच्या भरतीत निवडला गेला होता. पाच किलोमीटर धावण्यासाठी त्यानं वर्षभर पहाटे रस्ता तुडवला होता. झरी जामणीकडच्या जंगलात नेमणूक मिळेल असं बोललं जात होतं. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला व्हायचा राहिला होता. त्याच चौकीत, त्याच आठवड्यात त्याच्या नावानं अर्ज पडला की संपलं. त्या अर्जात खरं किती आणि खोटं किती, हे नंतर कोण विचारतं?

"तुमी बोलले म्हून हे झालं," लालीबाई म्हणाली. "आता तुमीच शोधा. माझ्या पोरानं केलं अशीन तं मले सांगा, मी सोता हात धरून चौकीत नेईन. नसन केलं तं रामरावले सांगा. अकराच्या आंधी."

रडली वगैरे नाही. पदरानं पाय पुसले आणि माझ्या मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिली. सव्वाआठ वाजले होते. मी शटर पुन्हा खाली ओढलं.

आता एक गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. त्या वेळी मला आतून वाटत होतं की लखननंच केलं. का वाटत होतं? त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काय होतं? काही नव्हतं. तो तांड्यावरचा होता आणि गाडी गावातल्या पाटलाची होती, एवढंच होतं. हे गावात कोणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही. आणि ज्या पोराला मी दोन वर्षं शेजारी बसवून माझ्या डब्यातलं खाऊ घातलं, त्याच्याबद्दल मलाही तेच वाटलं.

३

लखन घरासमोर खाटेवर बसला होता. समोर इस्त्री केलेला पांढरा शर्ट तारेवर टांगलेला, चौकशीच्या दिवसासाठी. मला पाहून तो उठला. नेहमीसारखा पाया पडायला वाकला नाही, पण उठला.

"खरं सांग," मी म्हणालो. "काय केलं होतं?"

"काई नाई केलं."

"मंग बंद काहून पडली?"

"तेच तं तुमाले इचारलं होतं फोनवर. मी ढकलू का म्हनलो. तुमीच नको म्हनले."

मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. डिझेलची गाडी. बॅटरीकडचं काहीही बिघडलं असलं तरी उतारावर ढकलली की दहातल्या नऊ वेळा लागते, हे लखनला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. मीच शिकवलं होतं. गाडी बंद राहावी असं ज्याला वाटतं तो 'ढकलू का' असं विचारेल? अकरा माणसांसमोर?

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"बरं," मी म्हणालो. "मंग साडेनऊच्या आंधी चालू कशी झाली? तू काय केलं?"

लखननं मान फिरवली आणि तारेवरच्या शर्टाकडे बघत राहिला.

"मालूम नाई."

दोन वर्षांत मी त्याला ओळखलं होतं. खोटं बोलताना हा पोरगा कधीच समोर बघत नाही. गाडी बंद पडली त्यात त्याचा हात नव्हता हे मला आता जवळजवळ पटलं होतं. पण ती चालू कशी झाली हे त्याला माहीत होतं आणि तो ते लपवत होता. स्वतःची नोकरी जात असताना लपवत होता.

कोणासाठी?

४

रामरावांकडे गेलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. ओसरीवर टेबलाला तो अर्ज होता, वर चष्म्याचं घर ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. रामराव बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "पाहा काय पाहाचं ते, मी अकराले निंगतो," एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले.

मी बंटीला गाठलं. रामरावांच्या भावाचा मुलगा, अंगात क्रिकेटचा टी-शर्ट, केसांना भरपूर जेल. मी गाडीचं नाव काढलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"काका, मी फक्त गाने आयकले," तो विचारायच्या आधीच बोलला.

"कवा?"

"शनिवारी. सांजच्या टाइमले. दोन घंटे अशीन. इंजिन बंद होतं." मग रामराव गेले त्या दिशेनं पाहत, आवाज बारीक करून, "मोठ्या बाबाले सांगू नका. माझ्यानंच बॅटरी उतरली ना?"

बंटीला गाडी बिघडवायला कारणही होतं. रविवारी उमरखेडला त्याच्या मित्राची हळद होती आणि त्याला गाडी हवी होती. रामरावांनी 'परीक्षेले जानार हाये गाडी' म्हणून झिडकारलं होतं. गाडी आपल्याला नाही तर कोणालाच नाही, असं एखाद्या पोराच्या डोक्यात येऊ शकतं. मी त्याला तसाच घामात सोडून आत गेलो.

शकुबाईंनी चहा टाकला होता. त्यांनी गाडीची पूजा केली होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती. बॉनेटला हात लावला नाही, म्हणाल्या, नुसतं वरून कुंकू लावलं. मग दाराकडे बघून हळूच बोलल्या.

"भाऊजी, माझ्या मनात भलतंच येऊन राह्यलं. शुक्रवारी वैष्णवी म्हने, आई, हे परीक्षा नाई झाली तं बरं होईन. अभ्यास झाला नाई म्हने. तिनंच तं नसन ना केलं काई? मी कोनाले सांगतलं नाई. तिच्या बापालेबी नाई."

मी कप खाली ठेवला. आई असून रात्रभर ही बाई हे पोटात घेऊन जागी होती. आणि हे तिच्या पोटात कोणी घातलं? 'हात लावल्याबिगर असं होत नाई' असं ज्यानं म्हटलं त्यानं.

५

वैष्णवी मागच्या खोलीत पुस्तकं बांधत होती. नर्सिंगची जाडजाड पुस्तकं, सुतळीनं. डोळे सुजलेले. मी सरळ विचारलं, कारण वेळ नव्हता.

"हो, म्हनली होती मी," ती म्हणाली. "परीक्षेच्या आंधी सगळेच म्हनतात, काका. पन मी गेट बंद झाल्यावर आर्धा तास त्या गार्डच्या हातापाया पडली. जे परीक्षा नको होती तिच्यासाठी कोनी पडन का?"

तिनं सुतळीची गाठ आवळली.

"तुमाले आवाज आयकाचा हाये का?" ती म्हणाली. "माझ्याकडं हाये. निंगतानीचा व्हिडिओ काढत होती मी, मैत्रिणीयले टाकाले."

तिनं फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर गाडीचं तोंड, हार, कुंकू, हेडलाइट लखलखीत पेटलेले. लखन चावी फिरवतो. कट्ट. एकदाच. दोन्ही हेडलाइट पार विझतात. तीन-चार सेकंद काळोख. मग हळूहळू पुन्हा पेटतात आणि पहिल्यासारखेच लखलखीत होतात. तो पुन्हा चावी फिरवतो. कट्ट. पुन्हा तेच.

मी तो तुकडा पाच वेळा पाहिला. सहाव्यांदा पाहायची हिंमत झाली नाही.

बंटीच्या गाण्यांनी बॅटरी उतरली असती तर चावी फिरवल्यावर 'कट-कट-कट-कट' असा भराभर आवाज आला असता आणि दिवे आधीपासूनच पिवळे, मरगळलेले असते. इथे दिवे लखलखीत होते. म्हणजे बॅटरी भरलेली होती, बंटी सुटला. स्टार्टर जळाला असता तर 'कट्ट' एकदाच वाजलं असतं, पण दिवे तसेच पेटत राहिले असते. ते विझले, म्हणजे स्टार्टरही निर्दोष. कोणी वायर काढून ठेवली असती तर कट्टही वाजलं नसतं आणि दिवेही लागले नसते. म्हणजे कोणी काही तोडलं, काढलं नव्हतं.

मग उरलं एकच. भरलेली बॅटरी आणि चांगला स्टार्टर यांच्यामधली वाट अडलेली होती. दिव्यांपुरता थोडा करंट तिथून जात होता. स्टार्टरनं जास्त ओढला की वाट बंद पडायची आणि सगळंच विझायचं. अशी वाट जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी अडते. बॅटरीच्या खांबावर जिथे वायरीची पकड कसलेली असते, तिथे.

त्या पकडीला शेवटचा पाना शुक्रवारी लागला होता आणि तो माझ्या हातात होता.

६

गाडी अंगणात कडेला उभी होती. दहा वाजून पाच मिनिटं. आसपास कोणी नव्हतं. मी बॉनेट उचललं, दहाचा पाना लावला आणि पकड सैल केली.

पकड आणि खांब यांच्या मधून पत्र्याची एक पट्टी बाहेर आली. करंगळीएवढी. एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं हिरवा रंग. चहापत्तीच्या डब्याचा रंग. तो डबा माझ्या दुकानात पान्यांच्या खणाशेजारी ठेवलेला असतो.

शुक्रवारचं सगळं आठवलं. नवीन बॅटरीचा खांब जुन्या पकडीपेक्षा बारीक निघाला. अशा वेळी नवी पकड टाकायची असते. माझ्याकडे संपलेली होती, उमरखेडहून आणावी लागली असती. आमच्याकडे सगळेच अशा वेळी मध्ये शिशाची पट्टी घालतात आणि कसतात. शिसंही संपलं होतं. बाहेर तीन ट्रॅक्टर उभे, माणसं ओरडत होती. मी डब्याचा पत्रा कापला, रंग खरवडायचा राहिला, घातला, कसला, गाडी लागली, मी पुढच्या ट्रॅक्टरकडे वळलो आणि विसरलो. दिवसाला अशा चार पट्ट्या घालणारा माणूस कोणती लक्षात ठेवतो? रस्त्यात गाडी हादरली, पट्टी सरकली, रंगाची बाजू खांबाला भिडली आणि वाट अडली.

आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस मी. लखननं फोनवर मला अगदी हेच सांगितलं होतं. एकच कट्ट, सारे लाईट जाते, पुन्हा येते. दुसऱ्या कोणाच्या हातची बॅटरी असती तर मी ट्रॅक्टरखालून पडल्यापडल्या सांगितलं असतं, पकड हलव आणि चावी मार. दोन मिनिटांचं काम. वैष्णवी साडेसातला निघाली असती.

मी चारही बाजूंना पाहिलं आणि पट्टी खिशात टाकली. पकड साफ केली, खांबाला तांब्याची तार गुंडाळून कसली आणि बॉनेट लावलं.

वळलो तर फाटकात लखन उभा होता. हातात गाडीची चावी, रामरावांना परत करायला आणलेली. तो माझ्या खिशाकडे पाहत होता.

"तुले मालूम होतं," मी म्हणालो.

"काल पाह्यली," तो म्हणाला. "तुमची वाट पाहून मी पकड हातानं दाबली तं चालू झाली. पट्टीचं टोक दिसलं मले. तुमचा डबा मी नाई वळखन का?"

"मंग काहून नाई सांगतलं?"

"कोनाले सांगू?" लखन म्हणाला. "तुमी आंधीच बोलून टाकलं होतं, माझा हात लागला म्हून. त्याच्यावर मी म्हनलो असतो का चूक उस्तादची हाये, तं कोनी मानलं असतं?"

ओसरीवरून रामरावांनी हाक मारली.

७

आता माझ्या हातून जे झालं ते पट्टीपेक्षा वाईट होतं. पट्टी घाईत गेली. हे मी समजून केलं.

ओसरीवर रामराव, शकुबाई, वैष्णवी, बंटी, पायरीखाली लखन आणि त्याच्यामागे लालीबाई. रामरावांनी अर्ज हातात घेतला होता. मी गंभीर चेहरा केला.

"बिघाड सापडला," मी म्हणालो. "बॅटरीच्या खांबावर कार्बन धरला होता. कोनाचाच दोष नाई. लखनचा तं अजिबातच नाई, लिहून घ्या माझ्याकडून. त्यानं हातानं हलवलं म्हून उलट चालू झाली."

रामरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अर्जाच्या दोन घड्या केल्या आणि फाडला. लालीबाईनं डोळे मिटले. "तुमी होते म्हून खरं काय ते समजलं, मारोतराव," रामराव म्हणाले. "माझ्या हातानं पाप होत होतं." शकुबाई पुन्हा चहा ठेवायला उठल्या. मला खुर्ची दिली गेली. मी बसलो. लखन वाचला, कोणाचं काही गेलं नाही, मिटलं, असं मी स्वतःला सांगत होतो. लखन जमिनीकडे बघत होता.

"पन नव्या बॅटरीले दोन दिवसात कार्बन कायनं येते?" रामरावांनी सहज विचारलं.

"येते," मी म्हणालो. जिभेला आता सवय लागली होती. "पानी लागलं, ओल धरली का येते."

शकुबाई दारातच थांबल्या. सगळ्यांच्या माना वैष्णवीकडे वळल्या.

"शनिवारी गाडी मी धुतली," वैष्णवी म्हणाली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "बॉनेट उघडून पाइपनं पानी मारलं मी. पूजेची गाडी सोच्छ दिसाव म्हून."

"आपल्याच हातानं," रामराव हळूच म्हणाले. रागानं नाही. राग परवडला असता. ते डोक्याला हात लावून बसले. बंटीनं खाली पाहिलं. वैष्णवी मागे सरकून भिंतीला टेकली आणि मला म्हणाली, "म्हंजे माझ्यानंच झालं का, काका?"

मी खुर्चीत बसलेलो. एका निर्दोषाच्या डोक्यावरचं उचलून मी दुसऱ्या निर्दोषाच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि या दुसऱ्या निर्दोषाचं तर मी आधीच सगळं घालवलं होतं. ही पोरगी जन्मभर स्वतःला म्हणत राहिली असती, पाणी मीच मारलं. मानानं मिळालेली खुर्ची खाली टोचायला लागली. सव्वीस वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती आणि त्या लाजेतही पहिला विचार आला तो दुकानाचा.

मी उठलो आणि पट्टी टेबलावर ठेवली.

"पानी मारल्यानं काई झालं नाई," मी म्हणालो. "कार्बनबी नव्हता. मी खोटं बोललो. हे पट्टी मी घातली शुक्रवारी, चहाच्या डब्याची, रंग न खरवडता. हेच्यानं गाडी बंद पडली. लखननं फोनवर बरोबर सांगतलं होतं, मी आयकलं नाई. ढकलू देलं असतं तं लागली असती, तेबी मीच नाई म्हनलो. आज पट्टी सापडली तवा खिशात घातली. लखनले ते कालपासून मालूम हाये, त्यानं माझं नाव घेतलं नाई."

रामरावांनी पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होतो. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे मी नव्हती," वैष्णवी म्हणाली. तिनं मोठा श्वास सोडला, भिंतीपासून सुटली आणि खरंच सांगतो, तिनं मला हात जोडले. "सांगतलं ते बरं केलं काका." मग चेहरा ओंजळीत घेऊन ती रडायला लागली. शकुबाई तिला आत घेऊन गेल्या. रामरावांनी माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "जा तुमी आता."

८

फाटकाबाहेर मी लखनला गाठलं. लालीबाई पुढे निघून गेली होती, माझ्याकडे न बघता.

"लखन, माफ कर," मी म्हणालो.

तो थांबला. त्याचा आवाज चढला नाही.

"इथं दोघातच माफी मांगून काय होते, मारोतराव," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. "तुमी बोलले तवा फोन स्पीकरवर होता. अंगनात माह्याबिगर अकरा मानसं होती. चौघायनं आता आयकलं. बाकीच्यायले कोन सांगन? पोलीस चौकशीले आले तं त्यायलेच इचारतीन, पोरगा कसा हाये."

मी हो म्हणालो. दुकान त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

रामरावांच्या घरचे चौघं सोडले तर सात माणसं उरत होती, सात घरची. तीन गावातली, चार तांड्यावरची. गावातल्या तिघांकडे जाऊन आलो. प्रत्येक दारात चप्पल काढली, पाणी घेतलं नाही, उभ्यानंच सांगितलं की रविवारी मी लखनचं नाव घेतलं ते खोटं होतं, चूक माझी होती. एका घरी मला हसले. एका घरी बाई म्हणाली, जाऊ द्या हो भाऊ, तांड्यावरच्यायचं काय मनावर घेता, आणि तिच्यावर रागवायचा हक्क मला उरला नव्हता, तरी मी म्हटलं, बाई, असं बोलू नका, मीबी असाच बोललो होतो. तिसऱ्या घरी नुसतं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

तांड्यावर दुपार झाली होती. तीन घरं झाली. शेवटी किसनसिंग. सत्तरीचा म्हातारा, सोयाबीनच्या टोळीचा मुकादम, कानानं बहिरा. बाभळीखाली खाटेवर विळ्याला धार लावत बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं.

"काय म्हनता?" त्यानं कानाला हात लावला.

मी पुन्हा सांगितलं. त्यानं मान हलवली, 'रविवार' सोडून काही कळलं नाही अशी.

"रविवारी मले काईच आयकू आलं नाई," किसनसिंग म्हणाला. "मंग लोकायनं खुना करून करून सांगतलं. पाटलाची गाडी लखननं बिघडवली म्हने. ढाणकीचा मिस्त्री सोता बोलला म्हने." त्यानं विळा बाजूला ठेवला आणि माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "तुमीच नाई का तो मिस्त्री? खरं हाये का ते?"

आजूबाजूच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या घरातून लालीबाई बाहेर आली. तिच्यामागे लखन, पांढरा शर्ट हातात धरून.

मी उभा राहिलो. आणि मग मोठ्यानं बोललो, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं.